वरून नव्वद, पोटात अठ्ठ्याहत्तर: तेराशे वर्षांपूर्वीच्या सॅक्सन सोनारानं रंग मुद्दाम काढला का मातीनं चांदी खाल्ली?

सराफा ओळीचा पोट्टा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर नागपूरच्या इतवारीत, सराफा ओळीच्या मागं. बाबा कारागीर आहेत, म्हणजे दुकान वगैरे काही नाही, दुकानदारांचं काम घरी आणून करतात, आणि मी केमिस्ट्रीत एमएस्सी करून राहिलो. मागच्या महिन्यात आजीची मोहनमाळ मोडायचं ठरलं. एका ठिकाणी मशीनवर ठेवली तर टंच, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती ते, ९० च्या वर, सगळे खूश, मग आमच्यासमोरच वितळवून लगड केली अन् परत लावली तर ७८. आई भांडायलाच उठली, तिला वाटलं मुशीतच काहीतरी हात मारला. बाबा मात्र शांत. म्हणे, "गडबड काई नाई त्याच्यात, जुन्या कारागिरानं रंग काढला होता, वरची चांदी काढून पिवळा वर आणला, म्हणून वरचं सोनं वेगळं अन् पोटातलं वेगळं."

ते डोक्यात बसलं अन् त्याच आठवड्यात मी स्टॅफर्डशायरच्या खजिन्याबद्दल वाचून राहिलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २००९ साली इंग्लंडमध्ये हॅमरविच गावाजवळच्या शेतात टेरी हर्बर्ट नावाच्या माणसाला मेटल डिटेक्टर फिरवताना हा सापडला, सुमारे ४ किलो सोनं, ४,६०० च्या आसपास तुकडे, सातव्या शतकातलं सॅक्सन, म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडातल्या लोकांचं काम, आणि गंमत म्हणजे बायकांचे दागिने जवळपास नाहीतच, बहुतेक सगळी तलवारींच्या मुठींवरून ओरबाडून काढलेली सजावट. त्यात तेच लिहिलं होतं जे बाबा म्हणाले, वरच्या थरात चांदी कमी, आत जास्त, आणि हे म्हणे सोनारानं मुद्दाम केलेलं.

आता माझी शंका. तेराशे वर्षं ओल्या मातीत पडलेल्या वस्तूतली वरची चांदी मातीनंच खाल्ली नसेल कशावरून? सोनाराच्या नावावर जमा करायच्या आधी हे ठरवतात कसं? आणि बाबांची शंका वेगळीच आहे, त्यांना फोटो झूम करून दाखवले तर ते रंगाचं विसरूनच गेले, त्यांचं एकच, ही मण्यामण्यांची तार एवढी बारीक यांनी काढली कशी, अन् ते लाल नग कुठले. काल जेवतानाही तेच विचारून राहिले होते.

भट्टीवाले काका

आधी आईला शांत कर बेटा. त्या मशीनला एक्सआरएफ म्हणतात, क्ष-किरण मारायचे आणि धातू जे किरण परत फेकतो त्यावरून कोणता धातू किती हे काढायचं. पण सोनं इतकं जड की आतून निघालेले किरण बाहेर पोचतच नाहीत, वाटेतच जिरतात. मशीनला जे कळतं ते वरच्या जेमतेम पाच-दहा मायक्रॉनचं. डोक्याचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन असतो, म्हणजे बघ. म्हणूनच हॉलमार्किंगच्या सेंटरवर खात्रीसाठी अजूनही थोडं सोनं कापून शिशासोबत भट्टीत घालून तपासतात. आणि तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांगून हेही सांग की १२ टंचाचा फरक एकट्या रंगामुळं आला नसणार, मोहनमाळेत मण्यामण्याला डाग, म्हणजे झाळून केलेला सांधा असतो आणि डागाचं सोनं हलकं असतं, वितळवलं की तेही त्यातच मिसळतं. थोडं याचं, थोडं त्याचं.

मी आपल्या व्हीएनआयटीतून धातुशास्त्र केलं, आमच्या वेळी व्हीआरसीई म्हणत, आणि आयुष्य लोखंडात गेलं, सोनं फक्त बायकोच्या गळ्यात पाहिलं. तरी तुझा मातीचा प्रश्न मला आवडला, कारण पहिली शंका तीच यायला पाहिजे. चांदी आणि तांबं दोन्ही सोन्यापेक्षा हळवे, जमिनीतला ओलावा आणि क्षार त्यांना हळूहळू काढून नेतात, त्यामुळं जुन्या सोन्याची नुसती वरून परीक्षा केली तर ते नेहमी थोडं जास्तच शुद्ध दिसतं. कित्येक जुन्या नोंदी याच कारणानं फसव्या आहेत.

या खजिन्यावर एलिनॉर ब्लेकलॉक आणि सहकाऱ्यांनी जे काम केलं त्यात त्यांनी कडेची अगदी बारीकशी जागा घासून वरचा थर काढला आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आतलं सोनं वेगळं मोजलं, वरचं वेगळं. आत चांदी जास्त, वर कमी. इथपर्यंत तुझी मातीही आरोपीच आहे. पण काही वस्तूंवर खाली पत्रा आणि त्यावर तारेची नक्षी झाळलेली आहे, दोघं एकाच मातीत, एकमेकाला चिकटून, तेवढीच वर्षं, आणि तरी पत्र्याच्या वरची चांदी भरपूर काढलेली आणि तारेची तशी नाही. माती असा भेदभाव करेल का? पत्रा गडद पिवळा, तार जरा फिकट, म्हणजे नक्षी उठून दिसते. हे डोळ्यानं बघून, ठरवून केलेलं काम आहे.

आणखी एक, हा माझा तर्क आहे. हे तुकडे पुरायच्या आधीच ओरबाडलेले होते ना, मग फाटलेल्या कडाही तितकीच वर्षं मातीत होत्या. सगळं मातीनंच केलं असतं तर फाटकी कडही दर्शनी बाजूइतकीच धुतली जायला पाहिजे. असा नमुना कधी हाताशी आला तर आधी फाटकी कड बघ.

केलं कसं असेल? सॅक्सन सोनारानं काही लिहून ठेवलेलं नाही. पण मिठानं चांदी काढायची विद्या फार जुनी. तुर्कस्तानात सार्डिसला क्रीसस राजाच्या काळातल्या, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या भट्ट्याच उत्खननात निघाल्या आहेत. सोन्याचा पातळ पत्रा, वर-खाली मीठ आणि विटेचा भुगा, मातीच्या भांड्यात बंद करून मंद लाल होईल इतकं तापवायचं, सोनं वितळू द्यायचं नाही. मिठातला क्लोरीन चांदीला धरतो, सिल्व्हर क्लोराईड होतं, ते ४५५ अंशालाच वितळतं आणि विटेच्या भुग्यात जिरतं. सोनं तसंच राहतं. आपल्याकडं ऐन-ए-अकबरीत सलोनी म्हणून जी कृती आहे ती याच घराण्यातली, तिथं सोरा आणि कच्च्या विटेचा भुगा. पूर्ण शुद्ध करायचं तर हे खूप वेळ आणि पुन्हा पुन्हा. सोनाराला फक्त वरचं कातडं पाहिजे असेल तर लवकर थांबायचं, झालं.

आणि गरज का पडली ते समजून घे. इंग्लंडातल्या या सोनारांचं सोनं मुख्यतः समुद्रापलीकडून, फ्रँक म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या लोकांच्या नाण्यांमधून यायचं. सटन हूला १९३९ मध्ये जी जहाजातली कबर उघडली त्यातल्या थैलीत ३७ मेरोविंजियन, म्हणजे त्याच फ्रँक राजांच्या काळातली नाणी, ३ कोऱ्या चकत्या आणि २ छोट्या लगडी होत्या. सातव्या शतकात त्या नाण्यांतलं सोनंच घसरत गेलं, चांदी वाढत गेली, शतक संपता संपता तर नाणी चांदीचीच झाली. राजाला झळाळी पाहिजे ती जुनीच आणि सोनाराच्या मुशीत येतं ते फिकट. तुझ्या आजीच्या सोनाराचीही हीच अडचण असेल.

गर्वसे

म्हणजे शेवटी आपलीच विद्या तिकडं गेली. नग भारताचे, कृती अकबराच्या दरबारातली, आणि नाव इंग्रजांचं. आपल्या लोकांना याचं काहीच वाटत नाही हे दुर्दैव.

तामडा ताई

दादा, अकबर सोळाव्या शतकातला, हे दागिने सातव्या शतकातले, आणि काकांनी सार्डिसचं सांगितलं ते त्याच्याही हजार-बाराशे वर्षं आधीचं. विद्या उलटी कशी जाईल? मीठ आणि वीट दोन्ही सगळ्यांच्या घरात असतात, सुचायला परवानगी लागत नाही.

पण नगांचं अर्धं बरोबर आहे म्हणून मी आले. मी भूगर्भशास्त्रवाली, त्यामुळं जरा लांबेल. ते लाल नग म्हणजे गार्नेट, आपला तामडा. गोमेद नव्हे हं, गोमेद त्याच कुळातला पण मधासारखा केशरी, पत्रिकेतल्या राहूसाठी घेतात तो. पॅरिसला लूव्र संग्रहालयाच्या तळघरात एक कण-प्रवेगक, म्हणजे प्रोटॉनसारखे कण वेगानं फेकणारं यंत्र आहे, त्याच्या प्रोटॉनच्या झोतात दागिना अख्खा धरता येतो, काही कापावं-खरवडावं लागत नाही, आणि नगातलं मॅग्नेशियम, लोह, कॅल्शियम, शिवाय क्रोमियमसारखे अगदी अल्प घटकही मोजता येतात. त्यांच्या प्रमाणावरून दगड कुठल्या खडकातला ते ओळखतात. फ्रँक लोकांच्या दागिन्यांवर हे केलं तेव्हा पाचव्या-सहाव्या शतकातले बरेचसे नग भारत आणि श्रीलंकेकडचे निघाले, आणि पुढं सातव्या शतकात बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक देशातले छोटे छोटे नग वाढत गेले. आपल्या खालीच तेलंगणात गरीबपेट म्हणून जागा आहे, तिथले तामडे पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडूला सापडलेल्या जुन्या मण्यांशी जुळतात, म्हणजे दक्षिणेतून समुद्रमार्गे व्यापाराची साखळी पक्की होती. आपल्या नागपूरजवळ माहुरझरीलाही मणी करायचं मोठं काम चालायचं, पण ते अकीक-कार्नेलियनचं जास्त, उगाच तिथला तामडा इंग्लंडला पोचवू नका 🙂

दगड जहाजातून गेला म्हणून कारागीर पण गेला असं नसतं. घडवणं तिकडचंच आहे, आणि ते काय घडवणं आहे! सोन्याच्या पट्ट्या उभ्या करून घरं करायची आणि प्रत्येक घराच्या मापाचा तामडा कापायचा, जाडी मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी, आकार पायरीसारखे, अळंबीसारखे. तामड्याची कठीणता सातच्या आसपास, म्हणजे वाळूच्या कणाएवढी. हात घसरला की तुकडा गेला. सटन हूच्या खांद्यावरच्या पकडी बघा, टोकाला दोन रानडुकरं एकमेकांत अडकलेली आहेत आणि ती नगांमधूनच उभी केली आहेत, रंगवलेली नाहीत. मला विचाराल तर त्या काळातलं युरोपातलं याच्या तोडीचं काम मी तरी पाहिलं नाही, पण मी पक्षपाती आहे, माझा दगडच तो.

आणि पोट्ट्या, बाबांना ही गोष्ट नक्की सांग, त्यांना आवडेल. पातळ तामडा नुसता सोन्यावर ठेवला तर काळपट, मेल्यासारखा दिसतो. म्हणून नगाखाली सोन्याचा अगदी पातळ पत्रा घालत, आणि त्यावर चौकटी-चौकटींचा ठसा, एका मिलिमीटरात तीन-चार रेघा. प्रकाश नगातून आत जातो, त्या चौकटींवर आपटून तुकडे होऊन परत येतो आणि नग आतून पेटल्यासारखा दिसतो. आपले कुंदनवाले नगाखाली डांक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा घालतात, हेतू तोच. खाली भरायला आपल्याकडं लाख, त्यांच्याकडं मेणाचं मिश्रण, तपासणीत मधमाशीचं मेण सापडलं आहे. फरक असा की कुंदनात शुद्ध सोन्याची पट्टी नगाभोवती दाबून दाबून बसवतात, म्हणजे सोनं नगाप्रमाणे वाकतं, इथं नगालाच घराप्रमाणे व्हावं लागतं.

जाता जाता, हा खजिना साफ करताना माती काढायला संग्रहालयवाल्यांनी झाडाचे काटे वापरले, धातूची सुई सोन्यावर ओरखडा पाडते म्हणून. आपल्याकडं बाभळीला कोणी विचारत नाही.

ठसेवाला महालातला

राम राम. मी ३५ वर्षं ठसे कापून राह्यलो, पोरानं हे वाचून दाखवलं म्हणून लिवतो, टायपिंग पोराचं हाय.

एका मिलिमीटरात चार रेघा म्हंता ताई, हे वाचून मी डोक्यालेच हात लावला. तसा ठसा मी भिंग लावूनबी कापाले दोन दिवस घेईन, अन् माह्याजवळ लाईट हाय, भिंग हाय, चांगलं पोलाद हाय. त्याच्याजवळ काय होतं, दिवा अन् जवान डोळे.

तारेचं सांगतो. जंत्री, म्हंजे तार ओढाची भोकाची पट्टी, नसली तं तार होत नाई असं काई नाई पोट्ट्या, तुह्या बापालेबी माहीत असन पण जंत्रीची सवय झाली का माणूस बाकीचं विसरते. सोन्याचा पातळ पत्रा घ्याचा, लांब बारीक पट्टी कापाची, तिले पीळ द्याचा, मंग दोन सपाट लाकडात नाईतर दगडात लोळवाची. गोल होते. फक्त जवळून पाह्यलं का तारेवर तिरपी शीव दिसते, पिळाची. जुन्या तारेवर भिंगातून तीच पाहाची असते, सरळ ओढीच्या रेघा दिसल्या तं जंत्रीची, तिरपी शीव दिसली तं पिळाची.

मण्याची तार करासाठी गोल तार खाली ठेवाची अन् वरून धारेच्या हत्यारानं दाबून मागं-पुढं लोळवाची, धार तारेत गोल फिरून खाच पाडते. एका धारेचं हत्यार असन तं एक-एक खाच, अन् दोन धारा शेजारी असन तं मधात मणी आपोआप गोल निघते. पोरानं शोधून सांगितलं का बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या ख्रिस्ती साधूनं असंच कानशीसारखं हत्यार लिवून ठेवलं हाय. खाचा जवळ-दूर झाल्या तं समजाचं हात थकला होता. कुठं थकला ते फोटोतबी दिसते, पाहा एकदा.

डाग कसा देला असन ते मले जास्त महत्त्वाचं वाटते. एवढ्या बारीक तारेले आपल्यासारखा टाक्याचा तुकडा ठेवला तं मणीच बुजून जाईन. तांब्याचं काहीतरी बारीक वाटून डिंकात कालवून लावत असन, आगीत डिंक जळते, तांबं मोकळं होते अन् जिथं टेकलं तिथंच सोनं आधी पाघळते. लय जुनी रीत हाय ती. पण फुंकणीची एक फूक जास्त झाली का आठ दिवसाचं काम पाणी.

अन् पोरगा म्हंते त्या सटन हूच्या कबरीत एक कमरपट्ट्याचं बक्कल हाय, ४१२ ग्रॅम. म्हंजे आजच्या दहा ग्रॅमच्या हिशोबानं ४१ तोळे, एकट्या बक्कलात. आमच्या मोहल्ल्यात मिळून नसन.

सराफा ओळीचा पोट्टा

सगळ्यांचे आभार, ठसेवाले काकांचं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, जंत्रीच्या सवयीवाल्या वाक्यावर ते जरा चिडले अन् मग उठून तांब्याच्या पट्टीला पीळ द्यायलाच बसले. तार झाली. तिरपी शीव माझ्या मोबाईलच्या मॅक्रोमध्ये स्वच्छ दिसते. मण्यांचं मात्र जमलं नाही, एकधारी पट्टीनं खाचा वाकड्या पडल्या, आता जुनी कानस घासून दोन धारांचं हत्यार करायचं चाललं आहे.

रंगाचा प्रयोग केला. बाबांकडं एक ग्रॅमच्या आत-बाहेर एक पत्रा होता, साधारण १८ कॅरेट. भट्टीवाले काकांना रात्री मेसेज करून विचारलं तर ते म्हणाले आजकालच्या १८ कॅरेटमध्ये तांबं जास्त असतं, तो घेऊ नको, काळा पडेल आणि काय कशामुळं झालं ते कळणार नाही, सॅक्सन सोन्यात चांदीच जास्त आणि तांबं अगदी थोडं होतं. म्हणून बाबांनी सोनं अन् चांदीच घालून नवीन तुकडा ओतला, ठोकून पातळ केला. मीठ साधं खडेमीठ, वीट गच्चीवरची, खलबत्त्यात कुटली (आईला कळू देऊ नका). दोन पणत्या एकावर एक ठेवून मातीनं बंद केल्या अन् बागेसरीत, म्हणजे सोनाराच्या शेगडीत घातल्या. पहिल्या वेळी सांध्याला तडा गेला अन् असा धूर निघाला की दोघंही खोकत बाहेर, काकांनी आधीच सांगितलं होतं की हा वायू छातीत घ्यायचा नाही, उघड्यावर कर, पण ऐकतो कोण. दुसऱ्या वेळी गच्चीवर केलं, मातीत थोडं शेण मिसळलं, सुकू दिली, मग तीन तास मंद आंच.

उघडलं तर माझं तोंडच पडलं. पत्रा मातकट, खाकी, सोनं वाटतच नव्हतं. मी म्हटलं गेला. बाबांनी काही न बोलता अकीकचा घोटा घेतला अन् घासायला लागले, अन् जसजसं घासलं तसतसा पिवळा वर येत गेला, असा की शेजारी ठेवलेला त्याच लगडीचा न केलेला तुकडा पितळेचा वाटायला लागला. चांदी निघून गेल्यामुळं वरचं सोनं भुसभुशीत राहतं, ते घोट्यानं दाबलं की चमकतं, हे मला पुस्तकात समजलं होतं पण ते खाकीपण बघितल्याशिवाय खरं वाटलं नसतं. मग मला सुचलं की पत्र्यावर आधी तार झाळून मग भट्टीत घातलं असतं तर तारेवरची चांदीही निघाली असती, म्हणजे तो सॅक्सन सोनार एकतर पत्रा आधी रंगवून मग तार झाळत असेल किंवा तार कशानं तरी झाकून ठेवत असेल. बाबा म्हणे झाळताना परत तापवलं तर काढलेला रंग बिघडतो, तो झाकतच असेल. मला वाटते पत्रा आधी. यावर आमच्यात अजून एकमत नाही, काका, तुमचं मत टाका.

मशीनवर दोन्ही तुकडे लावायचे होते, कड कापून आतलं पण, पण बाबा कड कापू देत नाहीत, म्हणतात बरा निघाला आहे, राहू दे. उद्या परत मागतो.

आणि विटेचा भुगा मी फेकून देत होतो तर केवढे ओरडले. त्याच्यात चांदी गेली म्हणतोस ना, मग? डबीत भरून वर चिठ्ठी लावून ठेवला आहे, दिवाळीआधी झारेकरी, म्हणजे सोनाराचा केर धुऊन सोनं-चांदी काढणारा, आला की त्याला देणार आहेत.